पन्नास किलोची जगज्जेती आणि पंचावन्न किलोचे ऑलिम्पिक: सेराप ओझचेलिकच्या कारकिर्दीतून समजणारे कराटे

ऑक्टोबर २०२३ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीचे अधिवेशन मुंबईत भरले आणि २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये क्रिकेटचा समावेश झाला, ही बातमी आपल्याकडे घरोघरी पोहोचली. त्याच ऑलिम्पिकसाठी आयोजकांनी विचारात घेतलेल्या नऊ खेळांच्या यादीत कराटेही होते. शिफारस मात्र पाचच खेळांची झाली आणि त्यांत कराटे नव्हते. म्हणजे २०२१ मध्ये टोकियोत एकदाच ऑलिम्पिक खेळलेला हा खेळ पॅरिसपाठोपाठ लॉस एंजेलिसच्याही बाहेर राहिला. आपल्या क्रिकेटच्या आनंदात ही बाब बातमीच्या तळाशी गेली, ते स्वाभाविकच होते. तिची झळ ज्यांना बसली, त्यांत तुर्कस्तानच्या खेळाडू ठळकपणे होत्या.

त्यांपैकी एक सेराप ओझचेलिक, विवाहानंतरच्या नावासह सेराप ओझचेलिक अरापोलू. १९८८ मध्ये जन्मलेली ही खेळाडू २०१४ मध्ये जर्मनीतील ब्रेमेन येथे ५० किलो गटात जगज्जेती झाली आणि २०१८ मध्ये माद्रिदला त्याच गटात जागतिक रौप्यपदकाची मानकरी ठरली. टोकियो ऑलिम्पिकमध्ये ती खेळली, पण ५५ किलो गटात, आणि तिला पदक मिळाले नाही. ज्या गटात ती जगात पहिली आली होती, तो गट ऑलिम्पिकमध्ये नव्हताच. हे कसे घडले हे समजून घेतले की आंतरराष्ट्रीय कराटेतील कारकीर्द कशावर उभी राहते आणि कशावर अडते, याचा बराचसा उलगडा होतो. माझ्या मते अशा खेळाडूचे नशीब तिच्या ठोशाइतकेच वजनगटांच्या तक्त्यावर ठरते, आणि तो तक्ता तिच्या हातात नसतो.

पट्टा वेगळा, पदक वेगळे

महाराष्ट्रात कराटे म्हटले की शाळेच्या मैदानावरचे पांढरे गणवेश, बेल्टच्या परीक्षा आणि भिंतीवर लावलेली प्रमाणपत्रे आठवतात. ब्लॅक बेल्ट मिळाला म्हणजे कराटे संपले, अशीही एक समजूत आहे. पट्टा हा शिक्षणाचा टप्पा आहे. स्पर्धेतील स्थान त्यातून ठरत नाही. जागतिक कराटे महासंघाच्या स्पर्धांत उतरणाऱ्या जवळजवळ साऱ्याच ज्येष्ठ खेळाडूंकडे ब्लॅक बेल्ट असतो आणि लढतीत तर कोणीच तो बांधत नाही. एकीच्या कमरेला लाल पट्टा असतो, दुसरीच्या निळा, आणि तेही केवळ पंचांना ओळख पटावी म्हणून.

स्पर्धात्मक कराटेचे दोन भाग आहेत. एक काता, म्हणजे समोर प्रतिस्पर्धी आहे असे मानून एकट्याने केलेला, ठरलेल्या हालचालींचा आविष्कार, ज्याचा निकाल पंच ठरवतात. दुसरा कुमिते, म्हणजे प्रत्यक्ष लढत. कातामध्ये वजनाचा प्रश्न येत नाही. टोकियोत तुर्कस्तानची दिलारा बोझान काता प्रकारात उतरली, तेव्हा तिला वजनकाटा पाहण्याचे कारण नव्हते. सेरापचा खेळ कुमितेचा, त्यामुळे पुढील सारे विवेचन लढतीबद्दलच आहे.

आठ मीटरच्या चौकोनात काय घडते

लढतीचे मैदान म्हणजे गादीवर आखलेला, प्रत्येक बाजू ८ मीटर असलेला चौकोन. लढत तीन मिनिटांची असते, आणि घड्याळ पंचाने थांबवले की थांबते. हाताने केलेला नियमबद्ध प्रहार डोक्यावर किंवा धडावर बसला तर एक गुण, पायाचा प्रहार धडावर बसला तर दोन, आणि पायाचा प्रहार डोक्यावर बसला किंवा खाली पाडलेल्या प्रतिस्पर्ध्यावर नेमका प्रहार केला तर तीन. या तीन गुणांना अनुक्रमे युको, वाझा-आरी आणि इप्पॉन अशी जपानी नावे आहेत. ती लक्षात राहिली नाहीत तरी काही बिघडत नाही. आठ गुणांची आघाडी झाली की लढत तेथेच संपते.

वाचताना हे सोपे वाटते, पाहताना तसे राहत नाही. दोघी चवड्यांवर सतत नाचत असतात, अंतर वितभर कमी होते, पुन्हा वाढते, आणि वीस-तीस सेकंद काहीच घडत नाही असे वाटत असतानाच एक जण पुढच्या पायावर झेपावते, मागचा हात सरळ रेषेत निघतो, लक्ष्याला भिडतो आणि त्याच झटक्यात परत कमरेशी येतो. हात परत येणे हा शोभेचा भाग नाही. प्रहारानंतर खेळाडूचा तोल, लक्ष आणि पुढच्या हल्ल्याची तयारी शाबूत आहे, हे पंचांना त्यातून दिसते. मुख्य पंच 'यामे' म्हणून लढत थांबवतो, चार कोपऱ्यांतील चार पंचांपैकी किमान दोघांनी एकाच खेळाडूच्या बाजूने गुण दाखवला तरच तो धरला जातो, आणि प्रशिक्षकाला पटले नाही तर तो चित्रफितीची पुनर्तपासणी मागू शकतो. प्रेक्षकाला या अवधीत एक अस्पष्ट झटापट दिसलेली असते. दूरचित्रवाणीवर कराटे रुजले नाही याचे एक कारण येथेच असावे, असे मला वाटते.

बरोबरी झाली तर पहिला निर्विवाद गुण जिने घेतला ती जिंकते. या अग्रहक्काला सेन्शू म्हणतात. आणि बाद फेरीत गुणच झाले नाहीत तर पंच आपला कौल देतात. टोकियोत महिलांच्या ६१ किलो गटाचा अंतिम सामना असाच झाला. सर्बियाची योव्हाना प्रेकोविच आणि चीनची यिन श्याओयान यांच्यात एकही गुण झाला नाही आणि सुवर्णपदक पंचांच्या कौलावर प्रेकोविचला मिळाले. याच गटात तुर्कस्तानच्या मेर्वे चोबानने कांस्यपदक मिळवले.

लागले तर दोष, न लागले तरी गुण नाही

कराटेबद्दल सर्वांत जास्त गोंधळ होतो तो प्रहाराच्या जोराबद्दल. बॉक्सिंगमध्ये प्रतिस्पर्धी कोसळला की लढत जिंकता येते. कराटेत प्रहार पूर्ण वेगाने जाऊन नियंत्रणात थांबायला हवा; चेहऱ्यावर तर केवळ स्पर्शाइतकाच चालतो. फार दूर थांबला तर गुण नाही आणि फार आत गेला तर ताकीद, पुढे अपात्रता.

याचे सर्वांत कठोर उदाहरण टोकियोतील पुरुषांच्या ७५ किलोंवरील गटाच्या अंतिम सामन्यात दिसले. सौदी अरेबियाचा तारेग हामेदी ४-१ असा आघाडीवर होता. त्याची लाथ इराणच्या सज्जाद गंजजादेहच्या मानेवर इतक्या जोरात बसली की गंजजादेह बेशुद्ध पडला. पंचांनी हामेदीला अपात्र ठरवले आणि जो मैदानातून स्ट्रेचरवरून बाहेर नेला गेला, त्याला सुवर्णपदक मिळाले. जगभरच्या प्रेक्षकांना हा निकाल अजब वाटला. नियम वाचला तर त्यात अजब काहीच नाही.

इथे वाचकाच्या मनात रास्त शंका येईल: प्रहार नियंत्रितच असेल, तर वजनाचे एवढे महत्त्व का? ताकदीने मारायचेच नाही, तर ५० किलोच्या खेळाडूने ५५ किलोच्या खेळाडूशी लढायला हरकत काय?

वजन कुठे आडवे येते

गुण स्पर्शाला मिळत असला तरी त्या स्पर्शापर्यंत पोहोचताना शरीरे एकमेकांवर आदळतात. दोघींनी एकाच क्षणी झेप घेतली की जड शरीर सहसा आपली रेषा सोडत नाही, हलके बाजूला फेकले जाते, आणि तोल गेलेल्या अवस्थेत केलेल्या प्रहाराला पंच गुण देत नाहीत. चौकोनाबाहेर पाऊल पडले तर ताकीद मिळते, म्हणून जड खेळाडू नुसती पुढे पुढे सरकत राहिली तरी हलकीला रेषेकडे ढकलता येते. पाय झाडून खाली पाडण्याचे डाव आहेत, तेथेही वजन बोलते. आणि बहुतेकदा वजनाबरोबर उंची व हातापायांची लांबीही येते. त्यामुळे हलक्या खेळाडूला गुण घेण्यासाठी जे अंतर तोडावे लागते, तेच वाढते.

जत्रेच्या फडात कुस्त्या जोडणारा जाणता माणूस दोन मल्ल खांद्याला खांदा लावून उभे करतो आणि जोड जमत नसेल तर कुस्ती लावत नाही. वजनगट म्हणजे त्याचीच नजर, काट्यावर मोजून नियमात बसवलेली.

जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत महिलांच्या कुमितेचे पाच गट असतात: ५० किलोंपर्यंत, ५५, ६१, ६८ आणि ६८ किलोंवरील. टोकियोत कराटेला मिळाले आठ पदकप्रकार. त्यांतले दोन कातासाठी गेले, उरलेले सहा पुरुष आणि महिलांत वाटले गेले, आणि पाच गटांचे तीन करावे लागले. महिलांत ५० आणि ५५ किलो एकत्र होऊन ५५ किलोंपर्यंतचा एक गट झाला, ६१ किलो तसाच राहिला, आणि ६८ व त्यावरील मिळून ६१ किलोंवरील गट झाला. यामागे कराटे महासंघाची लहर नव्हती. ऑलिम्पिकमध्ये एकूण खेळाडूंच्या संख्येवर मर्यादा असते, आणि आयोजकांनी वाढवलेल्या खेळांना त्या मर्यादेतील उरलेसुरले कोपरे मिळतात.

पाच किलो ऐकायला थोडे वाटतात, पण ५० किलोच्या शरीरात ती दहा टक्क्यांची भर आहे. शिवाय वजन लढतीपूर्वी ठरलेल्या वेळी घेतले जाते, आणि अनेक खेळाडू एरवी गटाच्या मर्यादेहून थोड्या जड असतात व वजनापुरत्या खाली उतरतात. त्यामुळे ५० किलोची खेळाडू वरच्या गटात गेली की समोर उभी असलेली प्रतिस्पर्धी कागदावरच्या आकड्याहून जड असू शकते.

सेरापसमोर काय वाढून ठेवले होते

ऑलिम्पिकमध्ये कराटेचा समावेश करण्याचा निर्णय ऑगस्ट २०१६ मध्ये रिओ येथे झाला. सेराप तेव्हा अठ्ठावीस वर्षांची होती, जगज्जेतेपद मिळून दोन वर्षे झाली होती. तिच्यापुढे दोन समांतर कामे उभी राहिली. जागतिक आणि युरोपीय स्पर्धांत ५० किलोचा गट चालूच होता. तेथे देशासाठी पदके मिळवायची. माद्रिदचे रौप्य याच काळातले. अंतिम फेरीत तिला जपानच्या मिहो मियाहाराने हरवले. दुसरीकडे ऑलिम्पिकच्या पात्रतेसाठी जगभरच्या मालिकांमधून गुण साठवत राहायचे आणि शेवटी त्या जोडगटातून जागा मिळवायची, जिथे प्रत्येक देशाला एका प्रकारात एकच खेळाडू पाठवता येत होती. म्हणजे ५० आणि ५५ या दोन्ही गटांत उत्तम खेळाडू असलेल्या देशात दोघींना मिळून एक खुर्ची.

त्यात महामारीमुळे ऑलिम्पिक एक वर्ष पुढे गेले. ऑगस्ट २०२१ मध्ये टोकियोच्या निप्पॉन बुदोकानमध्ये, प्रेक्षकांविना, स्पर्धा झाली तेव्हा सेराप तेहेतीस वर्षांची होती. कुमितेचा प्रत्येक प्रकार मोजक्या खेळाडूंचा, दोन साखळी गटांत विभागलेला. प्रत्येक साखळी गटातून पहिल्या दोघी उपांत्य फेरीत, आणि उपांत्य फेरीत हरलेल्या दोघींनाही कांस्य. म्हणजे गटातून वर आलेल्या प्रत्येकीला पदक निश्चित, आणि तिसरी आलेली रिकाम्या हाताने घरी. सेराप साखळी गटातून पुढे जाऊ शकली नाही. माद्रिदला तिला हरवणारी मियाहाराही स्वतःच्या देशात, त्याच ५५ किलो गटात, पदकाविना राहिली. सुवर्ण बल्गेरियाच्या इव्हेत गोरानोव्हाला, रौप्य युक्रेनच्या आंझेलिका तेर्ल्युहाला गेले.

२०१८ च्या ५० किलो गटातील जगातील पहिली आणि दुसरी, दोघीही टोकियोत पहिल्या चारांत नव्हत्या. या एका ओळीत वजनगटाची सारी तक्रार मावते, असे म्हणण्याचा मोह होतो. पण थोडे थांबायला हवे.

'खरी खेळाडू कोणत्याही गटात जिंकते'

हा आक्षेप उडवून लावण्याजोगा नाही, कारण त्याच्या बाजूने ठोस पुरावा आहे. त्याच ५५ किलो गटात कांस्यपदक मिळवणारी ऑस्ट्रियाची बेटिना प्लांक मूळची ५० किलोचीच. खुद्द तुर्कस्तानच्या एराय शामदानचे उदाहरण अधिकच बोलके आहे. त्याचा नेहमीचा गट ६० किलोंचा, पण टोकियोत त्याला ६७ किलो गटात लढावे लागले. वाढ सेरापपेक्षा जास्त. तो अंतिम फेरीत गेला, फ्रान्सच्या स्टीव्हन दा कोस्ताकडून हरला आणि रौप्यपदक घेऊन परतला.

याचा अर्थ असा की वजन हा अडथळा आहे, निकाल नव्हे. एका स्वच्छ स्पर्शाला गुण मिळणाऱ्या खेळात वेग आणि वेळ साधण्याची कला पाच-सात किलोंवर मात करू शकते, आणि हलक्या खेळाडूकडे वेग सहसा जास्तच असतो. परंतु ज्या दोघा-तिघांनी हे करून दाखवले, त्यांच्याकडे बोट दाखवून उरलेल्यांना कमी लेखणे बरोबर नाही. ऑलिम्पिक हे एका दिवसाचे प्रकरण आहे. गटात तीन-चार लढती, त्यात एखादी चूक, एखादा वादग्रस्त कौल, आणि वर्षानुवर्षांची तयारी संपते. सेराप पाच किलोंमुळेच हरली असे कोणी सिद्ध करू शकणार नाही. तिला तिच्या गटात लढण्याची संधी मिळाली नाही, एवढे मात्र निर्विवाद आहे.

तुर्कस्तान या खेळात इतका पुढे कसा

टोकियोत तुर्कस्तानने एकूण १३ पदके मिळवली; त्यांतली चार कराटेची होती. शामदानचे रौप्य, आणि मेर्वे चोबान, अली सोफुओलू व ऊर अक्ताश यांची कांस्यपदके. कुस्ती आणि वेटलिफ्टिंगसाठी ओळखल्या जाणाऱ्या देशात हे आकस्मिक घडलेले नाही.

तुर्कस्तानात अनेक मोठ्या शहरांच्या महापालिका स्वतःचे क्रीडाक्लब चालवतात. कोजाएली महानगरपालिकेचा कागितस्पोर हा क्लब कराटेसाठी नावाजलेला आहे, शामदान तिथलाच. अशा क्लबात सराव, प्रशिक्षक आणि प्रवास यांची व्यवस्था होते, आणि खेळाडूला आधी नोकरी करून मग संध्याकाळी दोजोत, म्हणजे सरावाच्या दालनात, जाण्याची गरज पडत नाही. युरोपीय अजिंक्यपद स्पर्धा २०१५ मध्ये इस्तंबूलला आणि २०२२ मध्ये गाझियानतेपला झाल्या, म्हणजे वरच्या दर्जाची लढत पाहायला मुलींना विमान पकडावे लागले नाही. त्यावर सरकारी बक्षिसे: आंतरराष्ट्रीय पदकांसाठी तेथे प्रजासत्ताकाच्या सुवर्णनाण्यांच्या हिशेबात रोख पुरस्कार ठरलेले आहेत, आणि ऑलिम्पिक पदकाचा दर सर्वांत वरचा आहे.

मुस्लिमबहुल देशातील मुली लढतीच्या खेळात कशा, असा प्रश्न आपल्याकडे हमखास विचारला जातो. तुर्कस्तानबाबत तो फारसा लागू पडत नाही. कराटे, बॉक्सिंग, तायक्वांदो या तिन्ही खेळांत तेथील महिला दीर्घकाळ आघाडीवर आहेत आणि टोकियोतच बॉक्सिंगचे सुवर्ण बुसेनाझ सुर्मेनेलीने जिंकले. ज्या खेळाडूंना डोके झाकून खेळायचे असते, त्यांच्यासाठी जागतिक कराटे महासंघाने मान्यताप्राप्त हिजाबची तरतूद केलेली आहे. टोकियोत ६१ किलो गटाचे दुसरे कांस्यपदक इजिप्तच्या जियाना लुत्फीने तो घालूनच मिळवले.

ऑलिम्पिक नसले तर बिघडले काय

शेवटचा आक्षेप कराटेच्याच जुन्या जाणकारांकडून येतो. त्यांच्या मते ऑलिम्पिकने गट मोडले आणि मोजक्या खेळाडूंनाच जागा दिली. खेळ बाहेर राहिला हेच बरे. जागतिक स्पर्धा आहेत, युरोपीय क्रीडास्पर्धा आहेत, आशियाई देशांसाठी आशियाई खेळ आहेत, आणि तेथे ५० किलोचा गट शाबूत आहे.

खेळाच्या दृष्टीने यात तथ्य आहे, पण खेळाडूच्या पोटापाण्याच्या दृष्टीने फारसे नाही. ऑलिम्पिक यादीतील खेळाला सरकारी निधी, प्रायोजक, दीर्घकालीन प्रशिक्षण आणि नोकरीतील प्राधान्य मिळते. यादीतून खेळ बाहेर पडला की अंदाजपत्रक आखणाऱ्यांचे लक्ष दुसरीकडे वळते. बक्षिसांच्या तक्त्यातही तोच फरक दिसतो: जागतिक सुवर्णासाठी खेळाडूला बुदोकानइतकेच झुंजावे लागते, पण तिच्या वाट्याला येणारी रक्कम खेळ ऑलिम्पिकचा आहे की नाही यावर अवलंबून असते. शिवाय पॅरिसच्या आयोजकांनी कराटे वगळल्याची घोषणा फेब्रुवारी २०१९ मध्येच केली होती, म्हणजे टोकियोची पात्रता फेरी चालू असतानाच खेळाडूंना ठाऊक होते की ही पहिली आणि बहुधा शेवटची संधी आहे. तिशी ओलांडलेल्या सेरापच्या पिढीला चार वर्षांनी पुन्हा प्रयत्न करू, असे म्हणण्याचीही सोय नव्हती.

तिच्यामागून येणाऱ्या ५० किलोच्या मुलीचा हिशेब आता निराळा आहे. तिला वजन वाढवून वरच्या गटात जावे लागणार नाही, स्वतःच्याच देशातील ५५ किलोच्या मैत्रिणीशी एका जागेसाठी झगडावे लागणार नाही, आणि जागतिक विजेतेपद हेच तिच्या खेळाचे सर्वोच्च शिखर राहील. त्या विजेतेपदावर तिचा महापालिकेचा क्लब किती वर्षे पगार देत राहील, हे मात्र कराटेच्या चौकोनात ठरणार नाही.